मानेच्या शस्त्रक्रियेनंतरचा पट्टा : उपयोग, मर्यादा आणि मुदत

मानेच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास घरी पाठविण्याचा दिवस आला की, नातेवाइकांच्या प्रश्नांत एक प्रश्न हमखास असतो : "पट्टा किती दिवस लावायचा?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर सर्वत्र सारखे मिळत नाही. एकाच व्याधीसाठी एकाच पद्धतीची शस्त्रक्रिया झालेल्या दोघांपैकी एकास दोन-तीन महिने पट्टा लावण्यास सांगितले जाते, तर दुसऱ्यास तो मुळीच दिला जात नाही. पुढे या दोघांची गाठ पडली की, पहिल्यास वाटते आपल्या शस्त्रक्रियेत काही उणे राहिले असावे. दुसऱ्यास वाटते आपल्याकडे दुर्लक्ष झाले. दोघांचेही समाधान होत नाही.

शस्त्रक्रियेनंतर मानेस पट्टा लावल्याने बरे होण्यास खरोखर मदत होते का, आणि होत असल्यास कोणाला व किती काळ, याविषयीची माहिती रुग्ण, त्यांचे आप्त आणि आमचे हितचिंतक यांच्यासाठी या लेखात एकत्र दिली आहे. ती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. आपल्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी पट्टा लावण्यास सांगितले असल्यास, हा लेख वाचून तो स्वतःच्या मनाने काढून ठेवू नये, ही विनंती प्रारंभीच करावीशी वाटते.

मानेची रचना आणि शस्त्रक्रियेचे स्वरूप

मानेत सात मणके असतात. त्यांवर सुमारे साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके तोललेले असते. वरच्या दोन मणक्यांची ठेवण इतरांहून निराळी असून मान डावी-उजवीकडे वळविण्याची जवळजवळ निम्मी हालचाल त्यांच्यामध्येच होते. त्यांखालील मणक्यांच्या दरम्यान लवचीक चकत्या असतात. वयोमानानुसार या चकत्या झिजतात, फुगतात किंवा सरकतात. कडेला हाडांची वाढ होते. आणि मागे असलेला मज्जारज्जू किंवा त्यातून हाताकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जातात. हाताला मुंग्या, बोटांत बधिरता, सदऱ्याची गुंडी लावताना होणारी अडचण, चालताना पायांचा अडखळता तोल ही त्याची लक्षणे होत. झिजेचा हा त्रास पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या दरम्यान विशेषेकरून आढळतो.

औषधे व व्यायाम यांनी भागत नाही किंवा मज्जारज्जूवरील दाब वाढत जातो, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार होतो. सर्वाधिक प्रचलित पद्धतीत गळ्याच्या पुढील बाजूने जाऊन बिघडलेली चकती काढतात, नसांवरील दाब दूर करतात, रिकाम्या जागी हाडाचा तुकडा अथवा कृत्रिम पिंजरा बसवितात आणि बहुधा वर धातूची प्लेट स्क्रूने घट्ट करतात. पुढील काही महिन्यांत वरचा व खालचा मणका एकमेकांशी जुळून एकसंध होणे अपेक्षित असते. दुसऱ्या पद्धतीत मानेच्या मागील बाजूने मणक्यांच्या कमानी काढून किंवा दारासारख्या उघडून मज्जारज्जूस जागा करून देतात.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. नसेवरील दाब शस्त्रक्रियेच्या मेजावरच दूर होतो. त्याच्याशी पट्ट्याचा संबंध नाही. पट्ट्याचा प्रश्न उद्भवतो तो हाडे जुळण्याच्या आणि जखमेचे दुखणे सोसण्याच्या संदर्भात. बोटांची बधिरता ओसरण्यास महिने लागतात, ते नस हळूहळू सावरत असल्यामुळे. पट्टा अधिक काळ लावल्याने ती लवकर सावरत नाही.

पट्ट्याची प्रथा कशी पडली

गळ्याच्या पुढून करावयाच्या या शस्त्रक्रियेचा पाया १९५० नंतरच्या दशकात घातला गेला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील रॉबर्ट रॉबिन्सन व जॉर्ज स्मिथ यांनी, तसेच हवाई बेटांवरील राल्फ क्लोवर्ड यांनी, त्या काळात आपापल्या पद्धती प्रसिद्ध केल्या. त्यावेळी प्लेट नव्हती. रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तो दोन मणक्यांच्या मध्ये बसविला जाई आणि आजूबाजूच्या दाबावरच तो जागी राही. तो तुकडा सरकला, खचला किंवा जुळलाच नाही, तर सारे श्रम वाया जाण्याची भीती असे. अशा वेळी मान बाहेरून जखडून ठेवणे हाच शल्यचिकित्सकाच्या हाती असलेला उपाय होता, आणि तो योग्यच होता.

१९८० नंतरच्या दशकात जर्मनीतील वोल्फहार्ड कास्पार यांच्या आणि त्यानंतरच्या इतर रचनांमुळे मानेच्या पुढील बाजूस प्लेट व स्क्रू बसविण्याची पद्धत रूढ झाली. जे काम पट्टा बाहेरून, कातडी व स्नायूंच्या थरांवरून करू पाहत होता, ते काम आता प्रत्यक्ष हाडावर बसलेला धातू करू लागला. आधार आतून मिळू लागला, तरी बाहेरच्या आधाराची सवय मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली. आज रुग्णांना भिन्न भिन्न सल्ले मिळतात, त्याचे एक मोठे कारण या इतिहासात आहे.

पट्टा मान कितपत स्थिर ठेवतो?

मानेचे पट्टे अनेक प्रकारचे असतात. औषधांच्या दुकानात सहज मिळणारा, कापडात गुंडाळलेला फोमचा मऊ पट्टा सर्वांच्या परिचयाचा आहे. दोन भागांत मिळणारा, हनुवटी व डोक्याची मागील बाजू यांना आधार देणारा 'फिलाडेल्फिया' नावाचा कडक पट्टा त्याहून मजबूत असतो. छाती-पाठीपर्यंत येणारे सांगाडे त्याहूनही दृढ. आणि कवटीत खिळे बसवून छातीवरील जाकिटास जोडलेले 'हेलो' कडे सर्वांत दृढ होय.

यांची मोजणी अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी निरोगी व्यक्तींवर करून १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. मान पुढे-मागे वाकविण्याची हालचाल मऊ पट्ट्याने सुमारे एकचतुर्थांशच कमी झाली. फिलाडेल्फिया पट्ट्याने ती सुमारे ७० टक्के, तर हेलोने सुमारे ९५ टक्के कमी झाली. मान बाजूला कलविण्याची हालचाल फिलाडेल्फिया पट्ट्यानेही जेमतेम एकतृतीयांश घटली. म्हणजे मऊ पट्टा मान जखडतो, ही समजूतच चुकीची आहे. तो मानेला ऊब देतो, हनुवटीस थोडा टेकू देतो आणि 'जपून' अशी आठवण सतत करून देतो. हे उपयोग खोटे नाहीत. पण त्यांना हाडाचा आधार म्हणता येत नाही.

अभ्यास काय सांगतात?

पट्टा लावलेल्या आणि न लावलेल्या रुग्णांची तुलना करणारे काही अभ्यास गेल्या वीस वर्षांत प्रसिद्ध झाले आहेत. २००९ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एकाच पातळीवर चकती काढून प्लेट बसविलेल्या २५७ रुग्णांची माहिती तपासण्यात आली. काहींना पट्टा दिला होता, काहींना नव्हता. दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा केला असता हाडे जुळण्याचे प्रमाण, वेदना आणि दैनंदिन कामे करण्याची क्षमता यांपैकी कशातही पट्ट्यामुळे लाभ झाल्याचे दिसले नाही. मात्र पट्टा कोणाला द्यावा हे येथे चिठ्ठी टाकून ठरविले नव्हते. ते त्या त्या डॉक्टरांच्या पसंतीवर होते. त्यामुळे हा पुरावा महत्त्वाचा असला तरी अखेरचा शब्द म्हणता येत नाही.

२०१३ मध्ये स्वीडनमधील एका लहान प्रयोगात ३३ रुग्णांची चिठ्ठी पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाने शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे कडक पट्टा वापरला, दुसऱ्याने वापरला नाही. या रुग्णांमध्ये दोन मणक्यांच्या मध्ये पिंजरा बसविलेला होता. येथे निष्कर्ष किंचित निराळा आला : सुरुवातीच्या काळातील वेदना आणि अडचण निभावून नेण्यास पट्ट्याने काही रुग्णांना मदत होते, असे अभ्यासकांचे मत पडले. एक किंवा दोन पातळ्यांवर प्लेट बसविलेल्या रुग्णांविषयीचा असाच एक चिठ्ठी पद्धतीचा अभ्यास न्यूयॉर्क येथून २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्ट्याची आवश्यकता त्यातून सिद्ध झाली नाही.

मानेच्या मागील बाजूने, कमानी दारासारख्या उघडून केलेल्या शस्त्रक्रियेविषयी हाँगकाँगमधील ३५ रुग्णांचा अभ्यास उपलब्ध आहे. तीन आठवडे कडक पट्टा वापरलेल्यांना पहिल्या काही आठवड्यांत मानेचे दुखणे कमी जाणवले. पुढे दोन्ही गट सारखेच झाले.

हे अभ्यास लहान आहेत आणि त्यांतील रुग्णही एकसारखे नाहीत. तरी ते सर्व एकत्र ठेवले असता एक सुसंगत चित्र उभे राहते. आतून पक्का आधार दिलेल्या, एक-दोन पातळ्यांवरील नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर पट्ट्यामुळे हाडे अधिक चांगली जुळतात, असा पुरावा नाही. पहिल्या काही आठवड्यांतील दुखणे मात्र त्यामुळे काहींना सुसह्य होते. म्हणून पट्ट्याकडे वेदनाशामक औषधाच्या दृष्टीने पाहावे : कारण असेल तर द्यावा, मात्रा ठरवावी आणि बंद करण्याचा दिवस आधीच सांगावा.

पट्टा अत्यावश्यक असतो तेव्हा

वरील निष्कर्ष सर्वांना सरसकट लागू करणे धोक्याचे ठरेल. अपघातात मणका मोडला असेल, मणक्यांना धरून ठेवणारे बंध तुटले असतील, अनेक पातळ्यांवर शस्त्रक्रिया झाली असेल, हाडे ठिसूळ झाल्याने स्क्रूची पकड भरवशाची नसेल, जंतुसंसर्ग किंवा क्षयरोगाने मणका पोखरला गेला असेल, अथवा हाडाचा तुकडा प्लेटविना बसविला असेल, तर बाहेरून आधार देण्यास सबळ कारण असते. अशा रुग्णाने शेजारच्या खाटेवरील रुग्णास पट्टा नाही म्हणून आपलाही काढणे, हा जिवावरचा खेळ होऊ शकतो. याउलट, हालचाल कायम राहावी म्हणून कृत्रिम चकती बसविलेली असेल, तर मान दीर्घकाळ जखडून ठेवण्याने त्या शस्त्रक्रियेचा हेतूच बाजूला पडतो.

पट्ट्याचे तोटे

पट्टा निरुपद्रवी आहे, 'लावला तर बिघडले कुठे', असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याचेही दुष्परिणाम आहेत. हनुवटीखाली, जबड्याच्या कडेला, खांद्याच्या हाडावर आणि डोक्याच्या मागील भागावर सतत दाब पडून कातडी लाल होते व व्रण होतात. वृद्ध, कृश आणि मधुमेही रुग्णांत हा धोका अधिक. आपल्याकडील उन्हाळ्यात घामामुळे त्यात भर पडते. गळ्याच्या पुढून शस्त्रक्रिया झाल्यावर काही दिवस गिळताना त्रास होणे नेहमीचे आहे. हनुवटी वर उचलून धरणाऱ्या कडक पट्ट्याने तो वाढतो. पट्टा लावलेल्या माणसास आपल्या पायांपुढची जमीन दिसत नाही; जिन्यावर, उंबरठ्याशी किंवा ओल्या न्हाणीघरात पाय घसरून पडण्याचा संभव असतो. मज्जारज्जू दाबला गेल्याने ज्यांची चाल आधीच डळमळीत आहे, त्यांच्या बाबतीत ही बाब गंभीर आहे.

पट्टा दीर्घकाळ राहिला की मानेचे स्नायू दुर्बल व आखडलेले होतात. मग पट्टा काढताच मान जड वाटते, दुखते. रुग्ण घाबरून तो पुन्हा लावतो आणि स्नायू आणखी दुबळे होतात. या चक्रात अडकलेले रुग्ण शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही स्वतःस आजारीच समजत राहतात. हातावर पोट असणाऱ्याच्या घरी याचा अर्थ आणखी काही आठवड्यांची बुडालेली मजुरी असा होतो. धर्मादाय रुग्णालयाच्या दृष्टीनेही हा विचार गौण नाही. अनावश्यक साधनावर झालेला खर्च, मग तो रुग्णाच्या खिशातून होवो वा निर्धन रुग्णांसाठीच्या निधीतून, दुसऱ्या कोणाच्या तरी आवश्यक उपचारातून वजा होत असतो.

हाडे जुळण्यास खरी मदत कशाने होते?

पट्ट्याची काटेकोर काळजी घेणारा रुग्ण पुष्कळदा तंबाखू मात्र चालू ठेवतो. वास्तविक हाडे जुळण्यात सर्वांत मोठी अडचण आणणाऱ्या, आणि रुग्णाच्या स्वतःच्या हाती असलेल्या गोष्टींत, तंबाखूचा क्रमांक वरचा आहे. निकोटीनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होतात आणि नवे हाड तयार करणाऱ्या पेशींच्या कामात विघ्न येते. विडी-सिगारेटइतकेच हे चघळण्याच्या तंबाखूस व मिश्रीसही लागू आहे. मिश्री लावणाऱ्या स्त्रियांना ती तंबाखूच आहे याची जाणीव करून द्यावी लागते. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून आणि हाडे जुळेपर्यंत तंबाखू पूर्णपणे सोडणे, हे नव्या पट्ट्याहून अधिक मोलाचे आहे.

त्याखालोखाल मधुमेहावरील नियंत्रण, आहारात पुरेशी प्रथिने आणि 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता असल्यास ती भरून काढणे यांचे महत्त्व आहे. वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणून दीर्घकाळ घेऊ नयेत. चालणे दुसऱ्या दिवसापासूनच, डॉक्टरांच्या अनुमतीने, सुरू करावे. हाड हे जिवंत असून त्यावर पडणाऱ्या भारानुसार ते स्वतःस घडविते, हे तत्त्व जर्मन शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते. पूर्ण विश्रांती म्हणजे उत्तम विश्रांती नव्हे. भौतिकोपचारतज्ज्ञांनी शिकविलेले व्यायाम ठरल्या वेळी सुरू करणे हाही उपचाराचाच भाग आहे.

घरी घ्यावयाची काळजी

पट्टा दिला असल्यास तो कोणत्या कारणासाठी दिला, झोपताना व स्नानाच्या वेळी काढावयाचा की नाही, आणि कोणत्या तारखेस बंद करावयाचा, या तीन गोष्टी घरी जाण्यापूर्वी विचारून कार्डावर लिहून घ्याव्यात. पट्ट्याखालील कातडी घरच्या माणसाने रोज पाहावी. मात्र पट्टा चोवीस तास ठेवण्यास सांगितले असल्यास तो कसा उघडावा, हे परिचारिकेकडून आधी प्रत्यक्ष शिकून घ्यावे. पुरुषांनी दाढी वाढू देऊ नये. पट्टा बंद करावयाचा तो बहुधा टप्प्याटप्प्याने : प्रथम घरात बसल्यावेळी, मग चालताना, अखेरीस प्रवासात. एस. टी. च्या धक्क्यांत किंवा बाजारातील गर्दीत काही दिवस तो लावल्याने इतरांना सूचना मिळते व रुग्णास धीर येतो. त्यास हरकत नाही. पण पट्टा लावून कोणतेही वाहन चालवू नये.

पट्टा असो वा नसो, डोक्यावर हंडा, भारा किंवा पाटी घेणे डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत वर्ज्य समजावे. विळीवर तासन्‌तास मान खाली घालून काम करू नये. काम डोळ्यांच्या पातळीजवळ आणावे. उशी पातळ असावी. केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान मोडून घेण्याची सवय अनेकांना असते. शस्त्रक्रिया झालेल्या मानेस हा झटका कधीही देऊ नये.

काही लक्षणे मात्र वाट पाहण्याची नव्हेत. गळ्याच्या पुढून शस्त्रक्रिया झाल्यानंतर, विशेषतः पहिल्या दिवशी, गळा झपाट्याने सुजू लागला, श्वास घेण्यास त्रास होऊ लागला किंवा आवाज एकाएकी बदलला, तर आत रक्त साठत असण्याची शक्यता असते. पट्ट्याखाली ही सूज झाकली जाते, हे परिचारिकांनी व नातेवाइकांनी लक्षात ठेवावे. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांना बोलवावे. घरी आल्यानंतर हातापायांतील शक्ती कमी होणे, लघवी अडणे, ताप येणे, जखमेतून पाणी येणे यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ रुग्णालयात यावे.

समारोप

प्रारंभीच्या दोन रुग्णांकडे पुन्हा पाहिले असता दिसते की, दोघांपैकी कोणाच्याही बाबतीत चूक झालीच असे नाही. पट्टा मिळालेल्याची हाडे कदाचित ठिसूळ असतील. न मिळालेल्यास आतील प्लेटचा आधार पुरेसा असेल. उणीव राहिली ती कारण सांगण्यात. उपचारामागील हेतू रुग्णास समजला म्हणजे तो पट्टा असताना निष्काळजी राहत नाही आणि काढल्यावर भीतही नाही. पट्टा देताना त्याचे कारण आणि त्याची मुदत ही दोन्ही रुग्णाच्या हाती देणे, हे आमच्यासारख्या संस्थांतील प्रत्येक डॉक्टर, परिचारिका व भौतिकोपचारतज्ज्ञ यांचे कर्तव्य आहे. आणि ती दोन्ही मागून घेणे हा प्रत्येक रुग्णाचा हक्क आहे. असे झाल्यास, "पट्टा किती दिवस?" या प्रश्नासाठी रुग्णाला घरी जाण्याच्या दिवसापर्यंत थांबावे लागणार नाही.